माघारी

मंगळवारी सकाळचं दूध केंद्रावर घातलं की अंजली तशीच भवानीनगरच्या वाटेला लागायची. निंबळवाडीपासून चालत पाऊण तास, कालव्याच्या भरावावरून गेलं तर जरा लवकर. कारखान्याचा गाळप हंगाम सुरू झालेला. मळीचा वास लांबूनच नाकाला लागायचा आणि उसाच्या गाड्यांच्या रांगेतून अंग चोरून पुढं सरकावं लागायचं. स्टँडाजवळ रसूलभाईंचं एसटीडीचं दुकान होतं. पिवळी पाटी, काचेची खोली, आत लाल फोन. नव्याण्णवच्या दसऱ्याला रसूलभाईंनी तिथं कम्प्युटर आणून ठेवला. पोरीला, सुहानाला, आधीच बारामतीच्या क्लासला घालून शिकवून घेतलेलं. फोनची वायर जोडली की कम्प्युटर कुईकुई ओरडायचा, मग गप्प व्हायचा, आणि शारजाहून तिच्या नवऱ्याचं, रविंद्रचं, पत्र यायचं.

रविंद्र पाइप फिटर. आधी बारामती एमआयडीसीत होता, मग शारजाला गेला. लग्नाला चार वर्षं झाली होती, त्यातलं सोबतीचं एकच. तिथनं फोन करायचा तर बोलणं सुरू होईपर्यंत पैसे संपायचे. कागदाचं पत्र दोन-तीन आठवडे घ्यायचं. हे मात्र आज लिहिलं की आज पोचायचं. अडचण एकच होती. त्या यंत्रात मराठी अक्षरं उमटत नव्हती. रविंद्र इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचा आणि सातवी शिकलेल्या अंजलीला ती अक्षरं एकेक ओळखता यायची, पण जुळवून वाचता यायची नाहीत. मग सुहाना मोठ्यानं वाचायची. फोनसाठी थांबलेले चार लोक बाकड्यावर बसून ऐकायचे.

"जयभीम. पत्र मिळालं. आईच्या गुडघ्याचं कालवा," सुहाना वाचायची आणि अडायची. "गुडघ्याचं कालवा? कळव आसल, वैनी."

बाकड्यावरची माणसं हसायची. अंजली पदर तोंडावर धरून खाली बघायची. बायकोला म्हणून लिहावी अशी एखादी ओळ रविंद्र कधी लिहीतच नव्हता. त्याला ठाऊक होतं, वाचणारी दुसरी आहे. तरी सुहानानं छापून दिलेला कागद अंजली चोळीत घालून आणायची आणि वाटेत कालव्यावर बसून त्या न कळणाऱ्या अक्षरांवरून बोट फिरवायची. कागदाला त्याच्या हाताचं काहीच नसायचं. त्याचं अक्षर उजवीकडं कललेलं होतं, 'र' लांब ओढायची खोड होती. हितं सगळी अक्षरं पोलिसांसारखी सरळ उभी.

त्या साली सोडतीत निंबळवाडीचं सरपंचपद अनुसूचित जातीच्या बाईसाठी निघालं. तशी जागा गावात एकच होती, वस्तीच्या वॉर्डातली. तिथून जी बाई निवडून येईल तीच सरपंच होणार. दहा वर्षं सरपंच असलेल्या रामहरी नानांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या सालगड्याच्या, गेणूच्या, बायकोचं नाव पुढं केलं. सारजा भली बाई, पण नानांच्या गोठ्यात शेण काढणारी. खुर्चीत सारजा बसली तरी कारभार कुणाचा, हे शेंबड्या पोराला कळत होतं.

अंजलीनं रविंद्रला सहज कळवलं. दुसऱ्या मंगळवारी उत्तर हजर.

"तू उभी राहा," सुहाना वाचत होती. "सारजावैनी वाईट न्हाय, पर पाणी नाना सोडणार न्हायत. माणसांना विहारात गोळा कर आणि हे पत्र वाचून दाखव."

गावची टाकी बांधली तेव्हा नळ रामहरी नानांच्या गल्लीपर्यंत आला आणि तिथंच थांबला होता. वस्तीवरच्या बाया कालव्यावरून पाणी आणायच्या. कालव्याला पाण्याचं आवर्तन नसलं की कुणाच्या तरी मळ्यातल्या विहिरीवर जायच्या, बांधावर उभ्या राहून, विचारून. मालक जेवत असला तर त्याचं जेवण होईपर्यंत थांबून.

अंजलीनं सुहानाकडून पत्र दोनदा वाचून घेतलं. दोनदा ऐकलं की तिला पाठ व्हायचं. विहारात कंदिलाजवळ कागद धरून तिनं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. पाइपलाइन किती फुटाची लागेल, अर्ज कुणाकडं करायचा, वस्तीबाहेरच्या धनगरांच्या बारा घरांनाही पाणी नाही तर त्यांना सोबत कसं घ्यायचं, सगळं रविंद्रनं लिहिलं होतं. फिटर माणूस, हिशोब पक्का. लोक भारावून ऐकत होते. एवढ्या लांबून माणूस बोलतोय आणि कालचंच बोलतोय, याचंच नवल.

"लेकाचा तितं बसून गाव चालवतोय," म्हातारा म्हस्कू म्हणाला.

अंजलीनं इंदापूरला जाऊन अर्ज भरला. विहारातल्या त्या वाचनापासूनच दर मंगळवारी वस्ती तिची वाट बघायला लागली होती. ती भरावावर दिसली की माणसं विचारायची, "काय म्हणतोय रवी?" आणि ती सांगायची. निवडणूक अंजली लढवत होती, पण वस्तीच्या मनात ती लढवत होता रविंद्र.

दूध केंद्रावर वारं फिरलं ते अर्ज भरल्याच्या तिसऱ्या दिवशी. केंद्र नानांचं. अंजलीची चरवी रांगेत तिसरी होती, ती शेवटी घेतली. माप घेणाऱ्यानं नळी हलवून बघितली आणि म्हणाला, "नासलंय."

"आत्ताच काढलंय की. हात लावून बघा, अजून कोमट हाय."

"नासलंय म्हणलं न्हवं?"

आत खुर्चीत नाना पेपर वाचत बसले होते. पेपर खाली न घेताच म्हणाले, "आरं, घे तिचं. सरपंचीणबाई हायत त्या." सगळे हसले. मग नाना उठून बाहेर आले. आवाज गोड. "अंजे, तुला एक इचारतो. रवीला शारजाला कुणी लावला?"

"तुमच्या पाव्हण्यांनी."

"आमचे सिद्धू पाव्हणं तितं फोरमन हायत. तुमच्या त्या कम्प्युटरचं कवतिक आमालाबी हाय. माझा पुतण्या पुण्यात बसून पाव्हण्यांशी रोज बोलतोय त्येच्यावर." त्यांनी चरवीकडं बोट केलं. "न्हे दूध. उद्या ताजं आन."

चरवी भरलेली घेऊन ती घरी आली. सासू केसरबाई दारात पाय पसरून बसली होती. तिनं चरवीत डोकावून बघितलं आणि काही न विचारता चूल पेटवली. दोघींनी मिळून त्या दिवशी खवा आटवला.

पुढचा मंगळवार उजाडला. अर्ज माघारी घ्यायची मुदत दुसऱ्या दिवशी, बुधवारी, तीन वाजेपर्यंत होती.

दुकानात त्या दिवशी गर्दी होती. सुहानानं पत्र उघडलं आणि तिचे ओठ नुसतेच हलले.

"वाच की."

"वैनी, तुमी घरी न्या. तुमच्या वस्तीवरल्या गुरुजींकडनं वाचून घ्या."

"वाच गं."

सुहानानं आवाज खाली आणला. "जयभीम. अंजली, फॉर्म माघारी घे. उद्या तीनच्या आत. कारण विचारू नको. सारजावैनीला होऊ दे. मला हितं अजून दोन वर्षं काढायची हायत. माझं ऐक. रविंद्र."

आवाज कितीही खाली आणला तरी दुकान ते केवढं. बाकड्यावरचा एक जण खाकरला. रसूलभाई उगाच पावतीपुस्तक चाळायला लागले.

अंजलीला पहिल्यांदा भीती वाटली नाही, रागही आला नाही. वाटलं ते एवढंच की आज त्यानं 'माझं ऐक' असं लिहिलंय. कम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदा त्यानं तिला, तिला एकटीला, काही म्हटलं होतं. आणि ते हे होतं.

"आदीवानी कागदाचं पत्र असतं," ती सुहानाला म्हणाली, "तर हे मतदान झाल्यावर पोचलं असतं."

"उत्तर काय लिवू, वैनी?"

तिला पुष्कळ लिहायचं होतं. तुम्हीच उभी केलीत. तुम्हाला कुणी धमकावलं का? तुम्ही नीट आहात ना? रात्री मध्येच जाग येते तेव्हा दाराची कडी वाजल्यासारखी वाटते. बाकड्यावरची चार माणसं ऐकायला बसली होती.

"लिव, मिळालं," ती म्हणाली. "तब्येतीला जपा."

बुधवारी ती कांद्याच्या लागणीला गेली. गावाखालच्या मळ्यात वाफे भरलेले, बायांची रांग वाकलेली. डाव्या हातात रोपांची जुडी, उजव्या अंगठ्यानं चिखलात भोक पाडायचं, रोप दाबायचं, चार बोटं सोडून पुढचं. मार्गशीर्षातलं पाणी असं गार की पोटऱ्यांपर्यंत पाय लाकडाचे होत. अंगठ्याच्या नखाखाली चिखल शिरून ते काळंनिळं पडलेलं. तिच्या शेजारच्या वाफ्यात सारजाच होती. दोघींचं भांडण नव्हतं.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा बांधावर जीप येऊन थांबली. नाना उतरले. त्यांनी हाक मारली नाही, नुसते उभे राहिले. बायांची रांग आपोआप सरळ झाली.

"अंजे, चल. इंदापूरला जाऊन येऊ. तीनच्या आत पोचाय पायजे."

ती वाफ्यातच उभी होती. चिखल गुडघ्याला लागलेला, हातात रोपं.

"रवीचं तुला आलंय. मला ठावं हाय," नाना म्हणाले.

"आलंय."

"मग?"

"माझ्याजवळ हाय ते."

"आगं, जवळ ठेवायला लिवलंय व्हय त्यानं? नवऱ्याचा शबूद हाय. हितं उभ्या उभ्या सांग, त्यो काय लिवतोय."

बाया ऐकत होत्या. सारजाही ऐकत होती. नाना म्हणतात ते खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत होती. तिनं हातातल्या जुडीकडं बघितलं. मुळं सुकायला लागली होती.

"अजून दोन वाफं व्हायचं हायत, नाना," ती म्हणाली, आणि वाकली.

वाकल्यावर तिला दिसत होता फक्त चिखल आणि स्वतःचा अंगठा. जीपचं दार वाजलं. जीप तशीच उभी राहिली, बराच वेळ, इंजिन चालू. तिनं एक रोप दाबलं, दुसरं दाबलं. कमरेत कळ येत होती पण सरळ व्हायची हिंमत नव्हती. सरळ झाले तर जाईन, असं तिला वाटत होतं. जीप गेली तेव्हाही ती उठली नाही. सारजानंच शेवटी म्हटलं, "गेलं, बाई. हो सरळ." मग ती बांधावर जाऊन बसली आणि नखाखालचा चिखल काढत राहिली.

संध्याकाळी विहारात माणसं जमली. तिन्हीसांजेची वेळ, दिवा नुकताच लावलेला. "काय म्हणतोय रवी?" म्हस्कूनं विचारलं. कुणाच्या तरी कानावर काहीतरी आलं होतं, ते तोंडावरून दिसत होतं.

अंजलीनं चोळीतला कागद काढला. तो घामानं मऊ पडला होता. तिनं तो उलगडला आणि वाचायला लागली.

"जयभीम. पत्र मिळालं," ती म्हणाली. मग थांबली. समोर साठ माणसं होती. ती म्हणाली, "पाण्याच्या लायनीचं मी आदी फुटात सांगितलं हुतं. पर नुसती लाइन आणून भागायचं न्हाय. वस्तीला सोताची टाकी पायजे. गावच्या टाकीवर ऱ्हायलं तर कॉक कुणाच्या हातात ऱ्हाईल? ज्याच्या हातात कॉक त्याच्या दारात आपण उभ्या. मालक जेवतोय तवर बांधावर थांबायचं, हे बंद झालं पायजे."

ती वाचत गेली. बांधावर थांबायचं रविंद्रला काय ठाऊक, तो पुरुष माणूस. विहिरीवरून परत पाठवलेल्या दिवसांचं, दोन घागरींत सहा माणसांची अंघोळ कशी करायची त्याचं, सगळं त्या सहा ओळींच्या कागदातून निघत गेलं. बाया पुढं सरकल्या. मागं कुणीतरी नाक ओढलं.

दाराशी बुद्धघोष गुरुजी उभे होते. वस्तीवरचे पहिले शिक्षक, सरकारी नोकरी म्हणून निवडणुकीत तोंड न उघडणारे. ते पुढं आले. "बघू," म्हणाले, आणि तिच्या हातातून कागद घेतला.

गुरुजींनी चष्मा वर केला, दिव्याजवळ जाऊन कागद वाचला. सगळा वाचला, कारण त्यांची मान ओळीओळीला डावीकडून उजवीकडं गेली. मग त्यांनी तो घडी करून तिला परत दिला.

"शेवटची ओळ राहिली वाचायची," ते लोकांकडं वळून म्हणाले. "लिहिलंय, अंजलीचं ऐका."

मतदान दोन रविवारांनी झालं. अंजलीची निशाणी कपबशी, सारजाची छत्री. ती घरोघर फिरली, धनगरांच्या बारा घरांत दोनदा गेली. तिथल्या बायांना तिनं रविंद्रचं नाव सांगितलंच नाही, त्यांना ठाऊक नव्हता तो. मोजणी झाली तेव्हा ती अकरा मतांनी निवडून आली. वस्तीनं गुलाल उधळला. केसरबाईनं तिच्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला आणि म्हणाली, "त्याला कळीव."

दुसऱ्या दिवशी लागणीला सारजा आली नाही म्हणून अंजली तिच्या घरी गेली. सारजा जुन्या लुगड्यात चुलीपुढं बसली होती.

"साडी माघारी मागितली त्येंनी," ती म्हणाली. "फारम भरताना दिलती ती. मोराची. दोनदाच नेसलीवती." मग म्हणाली, "गेणूला म्हणलं, देऊन टाक धुऊन."

अंजली तिच्याजवळ बसली. विझत आलेलं जळण तिनं आत सारलं.

मंगळवारी अंजली दुकानात गेली. सुहानानं मशीन लावलं, ते कुईकुई ओरडलं, गप्प झालं.

"काय न्हाय, वैनी."

पुढच्या मंगळवारीही नाही. तिनं दोन पत्रं घातली. 'मी आले निवडून.' 'तुम्ही कुठं हायसा?' दूध केंद्रावर नाना एवढंच म्हणाले, "रवीला लांबच्या साइटवर घातला म्हणं. वाळूत. तितं कसला कम्प्युटर." त्यात राग नव्हता. थंडी कशी पडलीय ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

तिनं ते घरात सांगितलं नाही. दिवसभर ती कामात राहायची. सकाळी दूध, मग लागण, दुपारी हात धुऊन पंचायतीत. ग्रामसेवक कागद पुढं करायचा, ती प्रत्येक कागद वाचायची, तो कंटाळून पंख्याकडं बघायचा. पाइपलाइनचं माप घ्यायला ओव्हरसियर आला तेव्हा टेपचं एक टोक तिनं धरलं. दोघं धनगरवाड्यापर्यंत चालत गेले. लोक 'बाई' म्हणायला लागले होते. पण अंगणात संध्याकाळी गाईला चारा टाकताना एकदम हातातलं काम थांबायचं. आपण त्याचं ऐकलं नाही आणि तो वाळूत गेला. त्यानं माझ्यावर बोट ठेवलं तर मी काय सांगू? आणि बोट ठेवायला तरी येऊ दे, असंही मनात यायचं. ओरडायला का होईना, समोर येऊन उभं राहू दे.

डिसेंबर सरत आला होता. पोस्टमन सायकलवरून वस्तीत आला आणि त्यानं एक निळसर पाकीट दिलं. परदेशी तिकीट, कोपरा फाटलेला. पत्त्यातला 'र' लांब ओढलेला.

तिनं शिक्क्यावरची तारीख बघितली. अर्ज माघारी घ्यायच्या आदल्या दिवसाची. चोवीस दिवस कुठं कुठं फिरून आलं होतं.

केसरबाई उन्हात गुडघ्याला तेल लावत बसली होती. "रवीचं? वाच, वाच."

अंजली तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली. हे पत्र वाचायला कुणी लागत नव्हतं. अक्षरं सगळी उजवीकडं कललेली, आपली.

"'प्रिय अंजली, जयभीम,'" ती वाचायला लागली. "'आज मी तुला कम्प्युटरवर जे लिहिलं ते लिहिताना सिद्धू फोरमन शेजारी स्टूल घेऊन बसला होता. तो सांगत गेला आणि मी बटणं दाबत गेलो. ते ऐकू नको. हे पत्र तुला वेळेत पोचणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहितो. ते पत्र आज पोचेल आणि हे कधी पोचेल देव जाणे. उलटं असतं तर बरं झालं असतं.'"

"गुलामा," केसरबाई म्हणाली, कुणाला ते कळलं नाही. "पुढं?"

अंजली पुढं वाचायला गेली आणि आवाज बंद झाला. डोळे वाचत होते.

'पण तुझ्यापाशी खोटं बोलवत नाही. बटणं दाबताना मला आतून थोडं बरंही वाटत होतं. वाटलं, माघार घेतलीस तर मी गेलो तेव्हा होतीस तशीच राहशील. मी येईन तेव्हा मला सापडशील. तू खुर्चीत बसशील, लोक ऐकतील, हे सगळं मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकणार. तुझा आवाज कसा होता तो आठवायला मला आता वेळ लागतो, अंजे. तू लिहून पाठवतेस ते सगळं सुहानाचंच वाटतं. काल कॅम्पात एक जण बायकोशी फोनवर भांडत होता आणि मी नुसता उभा राहून ऐकत होतो. तू काय ठरवलं असशील ते मला ठाऊक नाही. मला वाटतं, उभी राहिली असशील. राहिली असशील तर एक कर, माझं म्हणून काही सांगू नको लोकांना. तुझं तू सांग. मी येईन तेव्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं मला. घाई न करता.'

खाली तारीख होती आणि नाव.

"काय गं, अडलीस का?" केसरबाईनं विचारलं. "न्हाय लागत व्हय?"

"लागतंय, आत्या."

"मग वाच की पुढं."

अंजलीनं कागद छातीशी धरला. "पुढं माझं हाय," ती म्हणाली.

केसरबाईनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग तेलाची वाटी उचलली, तोंड पलीकडं, गाईकडं केलं, आणि म्हणाली, "वाच मग मनात. मी हाय हितं."